मुलांच्या टॅबची फुटलेली काच घरी बदलताना

लेकीचा सात इंची टॅब दिवाणावरून लादीवर पडला, तेव्हा त्याचं रबरी कव्हर मी नुकतंच धुवायला काढलं होतं. एका कोपऱ्यातून जाळं पसरलं, पण आतलं चित्र मात्र स्वच्छ दिसत होतं आणि आवाजही येत होता. भांडुपला घराजवळच्या दोन दुकानांत विचारलं. एकाने सांगितलेला खर्च टॅबच्या अर्ध्या किमतीइतका होता. दुसरा म्हणाला, ‘ताई, याचं काही होत नाही, नवीनच घ्या.’ तो टॅब शेवटी मी घरीच दुरुस्त केला, पण दुसऱ्या काचेवर. पहिली काच चुकीची आणली होती. ती दिसायला हुबेहूब होती, मापानेही बसत होती, आणि तरी उजवीकडे बोट ठेवलं की डावीकडचं बटण दाबलं जायचं.

त्यानंतर नात्यातले आणि सोसायटीतले मिळून आणखी चार टॅब खोलले. या कामात हात किती सफाईदार आहे यापेक्षा कोणती गोष्ट कधी करायची हे जास्त महत्त्वाचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. बहुतेक जण आधी काच आणतात आणि मग टॅब खोलतात. तुम्ही आधी टॅब खोला, आतला नंबर वाचा, पुन्हा बंद करा आणि मगच बाजारात जा.

१. नेमकं काय फुटलंय?

आपण ज्याला स्क्रीन म्हणतो त्यात दोन वेगळे भाग असतात. वरची काच म्हणजे ‘टच’, बोट ओळखणारी. तिच्या खाली ‘डिस्प्ले’, चित्र दाखवणारा. मुलांच्या स्वस्त सात इंची टॅबमध्ये हे दोन्ही बहुधा सुटे असतात, म्हणून फक्त टच बदलून काम भागतं. महागड्या टॅबमध्ये आणि बहुतेक मोबाइलमध्ये ते एकमेकांना पूर्ण चिकटवलेले असतात आणि जोडीनेच बदलावे लागतात. दुकानदार त्या जोडीला ‘कॉम्बो’ किंवा ‘फोल्डर’ म्हणतात.

टॅब चालू करून बघा. काच तडकली आहे पण चित्र अखंड आहे, तर फक्त टच गेलाय. चित्रात शाईसारखा काळा डाग पसरलाय, रंगीत उभ्या रेघा आल्यात किंवा अर्धा भाग पांढरा पडलाय, तर डिस्प्लेही गेलाय. काहीच दिसत नाही पण आवाज येतोय, तर अंधारात टॉर्च तिरकी धरून पडद्यावर मारा. अंधूक चित्र दिसलं तर डिस्प्लेच्या मागचा दिवा किंवा त्याची वायर सुटली असेल. ते काम माहीतगाराकडे द्या.

मुलांची ती काळी ‘लिहायची पाटी’, जिच्यावर प्लास्टिकच्या पेनाने हिरव्या रेघा उमटतात, तीही दुकानात टॅब म्हणूनच विकतात. तिचा पडदा बदलून मिळत नाही. तिच्यावर वेळ घालवू नका.

२. खोलण्याआधी

बिल आणि वॉरंटी कार्ड काढून तारीख बघा. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा. पडून फुटलेली काच वॉरंटीत सहसा बसत नाही, पण एकदा झाकण उघडलं की बाकीच्या दोषांची वॉरंटीही जाते. टॅबच्या पाठीवरच्या स्टिकरचा, म्हणजे मॉडेल नंबरचा, फोटो काढून ठेवा.

टच थोडा जरी चालत असेल तरी मुलांचे फोटो आणि व्हिडिओ आधीच दुसरीकडे उतरवून घ्या. बॅटरी पाव भागाच्या खाली येऊ द्या. लिथियमची बॅटरी जितकी भरलेली, तितकी चुकून भोसकली गेल्यावर जास्त भडकते. मग टॅब पूर्ण बंद करा. नुसता झोपवू नका.

आणि मेमरी कार्ड काढा. सिम असेल तर तेही. कार्ड खाचेत राहिलं तर झाकण सरकताना ते मधोमध मोडतं, कधी खाचही उखडून येते. माझ्या भावाच्या टॅबचं असंच झालं आणि त्याच्या मुलाच्या बारशाचे फोटो त्या कार्डावर होते. म्हणून सांगते, खोलायला बसण्याआधी कार्डाच्या खाचेत एकदा बोट घालून बघाच.

३. जवळ काय हवं

- बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, ‘००’ मापाचा
- प्लास्टिकचा ओपनर (फटीत घालून झाकण उघडायचं चपटं हत्यार), दोन-तीन गिटारच्या पिका किंवा बाद झालेलं एटीएम कार्ड
- हेअर ड्रायर
- बोथट टोकाचा चिमटा, शक्यतो प्लास्टिकचा
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्मा पुसायचं मऊ कापड
- रुंद पारदर्शक चिकटपट्टी
- दोन्ही बाजूंनी चिकटणारी २ मिलिमीटर रुंदीची टेप, किंवा बी-७००० नावाचा गोंद
- डोळ्यांवर चष्मा. नंबरचा नसेल तर रंगकामाला वापरतात तो
- कुंडीतली कोरडी माती किंवा वाळू भरलेलं पातेलं. बॅटरीने धूर सोडलाच तर त्यात टाकायला

फेव्हिक्विक या यादीत मुद्दाम नाही. तो काचेवर पांढरा धूर धरतो आणि पुढच्या वेळी काच काढताना सोबत फ्रेमही तोडतो.

४. जागा आणि वेळ

मुलं शाळेत गेल्यावर बसा. काचेचे कण इतके बारीक असतात की तळपायात रुतले तरच कळतात. ओट्यावर किंवा टेबलावर फिकट रंगाची जुनी चादर पसरा, म्हणजे पडलेला स्क्रू दिसतो. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर धूळ नेमकी काच आणि डिस्प्लेच्या मध्ये जाऊन बसते. आपल्या मुंबईत बिनपंख्याचं काम सकाळी लवकरच जमतं. भर पावसाच्या दिवसांत शक्यतो हे काम टाळा. हवेतली ओल काचेखाली अडकली की आत वाफ धरल्यासारखं दिसतं. थांबता येत नसेल तर काच बसवण्याआधी आतला भाग ड्रायरच्या गार हवेने दोन मिनिटं सुकवा.

५. मागचं झाकण उघडा

आधी रबरी कव्हर काढा. स्क्रू बघा: काही उघड्यावर असतात, काही पाठीवरच्या स्टिकरखाली किंवा छोट्या रबरी बुडाखाली लपलेले असतात. स्टिकरवरून बोटाचं नख दाबत फिरवा, खळगा लागला की तिथे स्क्रू आहे.

काढलेले स्क्रू एका वाटीत एकत्र टाकू नका. कागदावर टॅबची आकृती काढा, तिच्यावर चिकटपट्टी उलटी लावा आणि जो स्क्रू जिथला तिथे चिकटवा. लांब स्क्रू आखूड जागी घुसवला तर तो खालच्या सर्किट बोर्डात किंवा डिस्प्लेत रुततो.

आता चार्जिंगच्या खाचेजवळ किंवा कडेच्या फटीत ओपनर घाला आणि हलकेच पिळा. ‘टक्’ असा आवाज येईल, तो खटका सुटल्याचा. आवाजाला घाबरू नका. तिथे एक पिक अडकवून ठेवा आणि दुसरी घेऊन पुढे सरका. ओपनर फटीत ३-४ मिलिमीटरपेक्षा आत घालू नका. आत बॅटरी आहे आणि कडेला वायफायची वायर आहे.

सगळे खटके सुटले तरी झाकण झटक्यात उचलू नका. स्पीकर किंवा कॅमेऱ्याच्या वायरी कधी कधी झाकणाला चिकटलेल्या असतात. पुस्तक उघडतो तसं एका बाजूने जरासं उघडून आत डोकवा. उघडल्यावर पहिलं काम फोटो काढण्याचं: पूर्ण आतला भाग, मग प्रत्येक कोपरा जवळून. आवाजाची प्लास्टिकची बटणं सुटी असतात, ती कशी बसली होती तेही फोटोत येऊ द्या.

६. बॅटरीशी सांभाळून

चांदीसारख्या पाकिटातली चपटी वस्तू म्हणजे बॅटरी. ती फुगलेली दिसली, पाकीट उशीसारखं वर आलं असेल, तर इथेच थांबा. दाबू नका, टोचू नका. झाकण सैल ठेवूनच टॅब दुरुस्तीवाल्याकडे न्या. काही वेळा काच आतून बॅटरीने ढकलल्यामुळेच तडकलेली असते.

बॅटरी ठीक असेल आणि तिच्या वायरीला प्लास्टिकचा कनेक्टर असेल, तर नखाने तो वर उचलून सोडवा. पण स्वस्त टॅबमध्ये लाल आणि काळी वायर बहुधा थेट बोर्डावर झाळलेली (सोल्डर केलेली) असते. पहिल्यांदाच करत असाल तर ती झाळ काढायला जाऊ नका. टॅब पूर्ण बंद आहे याची खात्री करा, दोन्ही झाळलेल्या टोकांवर चिकटपट्टी लावून टाका आणि पुढचं सगळं काम प्लास्टिकच्या हत्यारांनी करा. धातूचा चिमटा या दोन टोकांवर एकदम टेकला तर ठिणगी उडते. पॉवरच्या बटणालाही चुकून धक्का लागू देऊ नका. टॅब चालू असताना टचची किंवा डिस्प्लेची बोर्डाला जोडणारी चपटी पट्टी काढली किंवा घातली तर डिस्प्लेचा दिवा कायमचा जाऊ शकतो.

७. पट्टीवरचा नंबर वाचा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. टचपासून बोर्डाकडे येणारी एक चपटी पट्टी असते, तपकिरी किंवा काळी, लवचिक. तिच्यावर काळा चौकोनी चिप असतो आणि बारीक पांढऱ्या अक्षरांत एक लांब नंबर छापलेला असतो: रोमन अक्षरं, आकडे, मध्ये आडव्या रेघा, शेवटी बहुधा आवृत्तीचा आकडा. तिच्यावर चांदीची किंवा पिवळी टेप असेल तर ती सोलून जपून ठेवा, काम झाल्यावर परत लावायची आहे.

बोट कुठे टेकलं हे तो चिप ठरवतो आणि टॅबच्या आतलं सॉफ्टवेअर त्याच चिपची भाषा ओळखतं. दुसऱ्या चिपची काच लावली तर टच एक तर चालतच नाही, नाहीतर उलटा चालतो. मी पहिल्यांदा फक्त माप आणि मॉडेल सांगून काच आणली होती. एकाच मॉडेलच्या टॅबमध्ये कंपनी वेगवेगळ्या खेपांना वेगवेगळ्या काचा वापरते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

नंबर शेवटच्या आवृत्तीसकट जसाच्या तसा जुळला पाहिजे. पट्टीवर सुटा छापलेला चार आकडी बारीक नंबर सहसा उत्पादनाच्या आठवड्याचा असतो, तो वेगळा असला तरी चालतो. पट्टीच्या टोकाच्या सोनेरी पिना मोजा. काचेची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, कॅमेऱ्याचं भोक कुठे आहे आणि पट्टी कोणत्या कडेतून निघते हेही टिपून घ्या. डिस्प्लेही बदलायचा असेल तर त्याचा नंबर त्याच्या धातूच्या पाठीवरच्या स्टिकरवर किंवा त्याच्या पट्टीवर मिळेल.

फोटो काढले की झाकण नुसतं दाबून बसवा. काच अजून काढायची नाही. तडकलेल्या काचेवर पारदर्शक चिकटपट्टी आडवी-उभी लावून टाका.

८. काच कुठे मिळेल

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलात की लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, चालत गाठता येतो. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं दिसेल. मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, आणि आठवड्यातही अकराच्या आधी पोहोचून फायदा नाही. दर्शनी दुकानांत लॅपटॉप आणि कॅमेरे दिसतील. सुटे भाग आतल्या गाळ्यांमध्ये आणि माड्यांवर मिळतात. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटमध्येही मोबाइलचे भाग मिळतात, पण टॅबच्या टचसाठी मला लॅमिंग्टन रोडच बरा वाटला.

टॅब सोबत न्या. ‘भैया, सात इंच का टच है क्या’ असं विचारलंत तर समोर पाच काचा येतील आणि त्यातली एक तुमच्या गळ्यात पडेल. फोनमधला नंबराचा फोटोच पुढे करा. ‘नंबर अलग है, पर चलेगा’ असं कुणी म्हणालं तर ‘लगा के दिखाओ’ म्हणा. झाकण नुसतं दाबलेलं असल्याने पट्टी जोडून तिथल्या तिथे चालवून बघता येते. दाखवायला तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा. काचेवरची प्लास्टिकची फिल्म सोलली की बहुतेक दुकानदार माल परत घेत नाहीत, तेव्हा ती शेवटपर्यंत सोलू नका. माझी बरोबर नंबराची काच ४५० रुपयांना मिळाली. चुकीचीला ३५० गेले होते.

९. जुनी पट्टी सोडवा

घरी आल्यावर पुन्हा झाकण उघडा आणि पट्टी जिथे बोर्डात घुसते तिथे नीट बघा. या कनेक्टरला कुलूप असतं. काहींमध्ये मागच्या बाजूला नखाच्या कडेएवढी जाड काळी पापणी असते, ती वर उचलायची. काहींमध्ये दोन्ही टोकांना बारीक कान असतात, ते एकाआड एक अर्धा-एक मिलिमीटर पुढे ओढायचे. कुलूप उघडल्यावर पट्टी जोर न लावता निघते. जोर लागतोय म्हणजे कुलूप अजून बंद आहे. ओढू नका.

मी पहिल्या टॅबची ही पापणी चिमट्याने उचलली आणि ती तुटून चादरीवर पडली. तीळाएवढा काळा तुकडा, पण त्याच्याशिवाय पट्टी कनेक्टरमध्ये धरून राहीना. शेवटी पट्टीवर फोमचा तुकडा ठेवून वरून टेपने दाबून काम भागवलं. त्यानंतर मी ती फक्त बोटाच्या नखाने, मधोमध उचलते.

१०. फुटलेली काच काढा

चष्मा लावा. ड्रायर मध्यम गरमवर ठेवून एका कडेवर मिनिट-दीड मिनिट फिरवा. एका जागी धरू नका. काच हाताला गरम लागावी, चटका बसू नये. बॅटरीच्या बाजूला उष्णता कमीत कमी जाऊ द्या. मग पिक फटीत घालून कडेने फिरवा. पट्टी ज्या कडेतून निघते ती कड सगळ्यात शेवटी घ्या. काच चुरा झालेली असेल तर वर लावलेली चिकटपट्टी तिला एका तुकड्यात धरून ठेवते.

पिक मधल्या बाजूला घुसवू नका. खाली डिस्प्ले आहे आणि त्याचा वरचा थर नखानेही ओरखडतो. काही टॅबमध्ये डिस्प्ले कडेच्या टेपने काचेला चिकटलेला असतो आणि काचेबरोबर वर येतो. तसं झालं तर त्याची पट्टी ताणली जाणार नाही इतक्या हळू उचला आणि टेप ड्रायरने गरम करून सोडवा. डिस्प्लेची धातूची चौकट उचकटू नका. आतल्या पांढऱ्या थरांमध्ये धूळ शिरली की ती निघत नाही.

फ्रेमवरचा जुना गोंद पूर्ण काढा. अल्कोहोल लावून दोन मिनिटं भिजू द्या आणि ओपनरने खरवडा. हे कंटाळवाणं काम आहे, पण वाळूच्या कणाएवढा काचेचा तुकडा जरी तिथे राहिला तरी नवी काच त्याच्यावर टेकते आणि मूल जरा जोरात दाबतं तेव्हा तिथूनच तडकते.

११. चिकटवण्याआधी चालवून बघा

नवी काच फ्रेमवर नुसती ठेवा, पट्टी आत घाला. टोकावरची पांढरी किंवा सोनेरी रेघ कनेक्टरला समांतर दिसली पाहिजे. पट्टी तिरकी गेली तर टच आपोआप उड्या मारतो. कुलूप लावा, बॅटरी सोडवली असेल तर जोडा, टॅब चालू करा.

अँड्रॉइड टॅब असेल तर सेटिंग्जमध्ये टॅबच्या माहितीच्या पानावर ‘बिल्ड नंबर’ असतो. त्याच्यावर ७ वेळा बोट मारा. ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतील, त्यात ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करा. आता बोट जिथून फिरेल तिथे रेघ उमटेल. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, चारही कोपऱ्यांपर्यंत रेघा ओढा. रेघ कुठेही तुटता कामा नये. मग चार्जर लावून पुन्हा तेच करा. चार्जर लावल्यावरच टच वेडावाकडा चालत असेल तर बहुधा काचेत नाही, चार्जरमध्ये दोष आहे. चाचणी झाली की ते ऑप्शन्स बंद करा, टॅब बंद करा.

१२. काच बसवा

टेप वापरायची असेल तर फ्रेमच्या चारही कडांना लावा. लगेच वापरता येतं आणि पुढे काढायलाही सोपं जातं. फ्रेमची कड फार बारीक असेल तर बी-७००० बरा. शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक रेघ ओढा. जास्त झाला तर डिस्प्लेवर ओघळतो, आणि कॅमेऱ्याच्या भोकाशी, माइकच्या छिद्राशी तर अजिबात नको.

नव्या काचेच्या आतल्या बाजूची, आणि डिस्प्लेही नवा असेल तर त्याच्यावरची, फिल्म शेवटच्या क्षणी सोला. टॉर्च तिरकी धरून धूळ बघा आणि चिकटपट्टीच्या टोकाने कण टिपून घ्या. कापडाने पुसलंत तर कण नुसता इकडून तिकडे जातो. पट्टीची कड आधी बसवा, मग काच हळूहळू खाली सोडा. रुंद रबरबँड चारही बाजूंनी लावा, काचेवर मऊ कापड घालून. गोंद लावला असेल तर टॅब किमान २४ तास तसाच ठेवा. मूल मागेपुढे घुटमळणार हे मला माहीत आहे. माझी लेक तर दर तासाला ‘सुकला का गं?’ विचारत होती. तरी टॅब कपाटावर, हाताला लागणार नाही असा ठेवा.

दुसऱ्या दिवशी चांदीची टेप परत लावा, बटणं फोटोत बघून बसवा, झाकण दाबून खटके लावा, मग स्क्रू. स्क्रू हाताने घट्ट लागला की थांबा. मेमरी कार्ड सगळ्यात शेवटी घाला. काचेवर टेम्पर्ड ग्लास त्याच दिवशी लावा, आणि रबरी कव्हर चढवल्याशिवाय टॅब मुलाच्या हातात देऊ नका.

जुनी काच आणि चादरीवरचे कण वर्तमानपत्राच्या तीन-चार थरांत गुंडाळा, बाहेरून चिकटपट्टी लावा आणि मोठ्या अक्षरांत ‘काच’ असं लिहून मगच सुक्या कचऱ्यात ठेवा. आमच्या मजल्यावरचा कचरा ज्या मावशी नेतात त्या हातानेच तो वेगळा करतात. फुगलेली बॅटरी किंवा निकामी डिस्प्ले मात्र त्यात टाकू नका, ते ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. चादर घराबाहेर झटकून धुवा आणि जिथे बसला होतात तिथली लादी ओल्या कापडाने दोनदा पुसा, ते कापडही टाकून द्या.